पूर्ण वाचलंत का?

अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांत पुस्तकाविरुद्ध तक्रार घेऊन कुणी आलं, की त्याच्यापुढे एक छापील अर्ज ठेवला जातो. पुस्तकाचं नाव काय, हरकत नेमकी कशाला, तुमचं म्हणणं काय, असे प्रश्न त्यात असतात. आणखी एक प्रश्न असतो : हे पुस्तक तुम्ही पूर्ण वाचलं आहे का?

दंडुका नाही, आरडाओरडा नाही. एक साधा प्रश्न आणि उत्तरासाठी रिकामी ओळ. वाचनस्वातंत्र्याचं इतकं सभ्य आणि इतकं खंबीर हत्यार मला दुसरं माहीत नाही.

याच देशात १९८२ पासून दरवर्षी ‘बॅन्ड बुक्स वीक’ साजरा होतो. ग्रंथपाल ज्युडिथ क्रुग यांच्या पुढाकारानं तो सुरू झाला. या आठवड्यात विद्यापीठांची ग्रंथालयं दारं सताड उघडतात. कुठं हरकत घेतलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन मांडतात, कुठं लेखकांना बोलावतात, कुठं माईक लावून जाहीर वाचन ठेवतात. विद्यार्थी येतात, प्राध्यापक येतात, गावातली माणसंही येतात. ज्या पुस्तकावर कुणी बोट ठेवलं, त्याची चार पानं मोठ्यानं वाचतात आणि पुढच्याला जागा देतात. एरवी एकट्यानं, मुकाट्यानं करायची गोष्ट त्या दिवशी चारचौघांत होते. मला यातली खरी ताकद इथं दिसते. हरकत घेणारे नेहमी टोळीनं येतात आणि वाचणारा एकटा असतो. वर्षातून एकदा तरी वाचणाऱ्यांनी एकमेकांना मोजून घ्यायला हवं.

त्याच १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज शाळा मंडळाच्या खटल्याचा निकाल दिला. मंडळानं शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं काढली होती आणि त्याविरुद्ध कोर्टात गेले होते ते शाळेतलेच विद्यार्थी. विचार पसंत नाहीत एवढ्यासाठी मंडळाला पुस्तक काढता येणार नाही, असं मत मुख्य निकालपत्रात नोंदवलं गेलं. म्हणून लढाई संपली असं मात्र नाही. ‘पेन अमेरिका’ या लेखकांच्या संस्थेनं २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात शाळांमधल्या पुस्तकबंदीच्या दहा हजारांहून अधिक घटना मोजल्या. म्हणजे आठवडा साजरा केला म्हणून बंदी थांबत नाही.

मग उपयोग काय? उपयोग आहे, पण आठवड्याच्या पाठीशी नियम असेल तरच. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन सांगते, की तक्रारीची चौकशी चालू असेतो पुस्तक कपाटातच राहिलं पाहिजे. आधी वाचा, मग चर्चा करा, मग ठरवा. क्रम उलटा करायचा नाही.

आपण तो क्रम उलटा केला. रोहिंटन मिस्त्री मुंबईत जन्मले, वाढले आणि कॅनडात स्थायिक झाले. त्यांच्या ‘सच अ लाँग जर्नी’ या मुंबईवरच्या कादंबरीला १९९१ साली कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. तीच कादंबरी २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात होती. तक्रार झाली, विद्यापीठाच्या दारात प्रती जाळल्या गेल्या आणि कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात पुस्तक बाहेर गेलं. शिकवणाऱ्याला विचारलं नाही, शिकणाऱ्यालाही नाही. पूर्ण वाचलंत का, हे तर कुणालाच विचारलं नाही. अभ्यासक्रम बदलणं हा विद्यापीठाचा हक्क आहे, हे मान्य. पण धमकीनंतर एका रात्रीत केलेल्या बदलाला मी अभ्यास म्हणणार नाही. ती शरणागती आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरची राज्य सरकारची बंदी रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला होता. पुस्तक आवडावं अशी सक्ती कुणावर नाही. त्याला उत्तर देणारं दुसरं पुस्तक लिहावं, पुराव्यानं खोडून काढावं. पण त्या वादात ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि हस्तलिखितांची, ग्रंथांची नासधूस झाली. ज्यांनी आपला इतिहास पिढ्यान् पिढ्या जपला, त्यांच्याच कपाटांवर हात पडला. पुस्तकाचा राग ग्रंथालयावर काढला, की असंच होतं.

माझी मागणी दोन ओळींची आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठ ग्रंथालयानं हरकतीचा असा एक लेखी अर्ज तयार करावा. आणि दरवर्षी ५ जानेवारीला ग्रंथालयाच्या दारात जाहीर वाचन ठेवावं.

वाचायला काय घ्यावं? १८५७ च्या उठावावरचं सावरकरांचं पुस्तक घ्यावं. इंग्रज सरकारनं ते प्रसिद्ध होण्याआधीच त्यावर बंदी घातली होती. बाबासाहेबांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ घ्यावं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यातला मजकूर पेलला नाही, संमेलनच रद्द झालं आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं. त्याच टेबलावर मिस्त्रींची कादंबरी ठेवावी. एका विचाराच्या माणसानं दुसऱ्या विचाराचं पुस्तक हातात घ्यावं आणि मोठ्यानं वाचावं. फक्त आपल्या बाजूच्या पुस्तकासाठी भांडणाऱ्याला वाचनस्वातंत्र्य कळलेलं नाही.

हरकत घेणारे येतील. त्यांनाही खुर्ची द्यावी, पाणी विचारावं आणि पुस्तक हातात द्यावं. पहिल्या पानापासून.