भाऊजी वाकड्या वाटेला लागले!

आमचे धाकटे भाऊजी वाकड्या वाटेला लागलेत. केडगावभर ही बातमी पसरली ती रेणुकामातेच्या देवळातून, आणि सांगणाऱ्या साक्षात सासूबाई. एकीने पदर तोंडाशी नेत हळूच विचारलं, "बाटली का हो?" सासूबाई म्हणाल्या, "बाटली परवडली. डोंगर!"

तर प्रकरण असं. भाऊजींनी कर्ज काढून थार घेतली. आता दर रविवारी पहाटे बायपासला तसल्याच चार-पाच गाड्या जमतात आणि शेंडीवरून डोंगरगणाकडे सुटतात. डांबरी आहे तोवर मंडळींचं तोंड एवढंसं. मांजरसुंब्याच्या बाजूला मुरमाची गाडीवाट लागली की कळी खुलते. ऑफरोडिंग म्हणे!

परवा चौकशी म्हणून मीही गेले. (चौकशीच! हौस नव्हे.) वाट सुरू होताच सगळे खाली उतरले, चाकांपाशी उकिडवे बसले आणि चक्क हवा सोडायला लागले. फुस्सऽऽ! 32 ची हवा 18 वर. टायर पसरला की दगडा-चिखलात पकड धरतो, इति भाऊजी. मग 'फोर लो' टाकला. त्यात गिअर इतका खालचा लागतो, की ताकद वाढते आणि वेग मुंगीचा होतो. गोरक्षनाथ गडाच्या अंगाला ढग टेकलेले, खाली सगळं हिरवंगार, आणि लाखांची गाडी गुरगुरत चाललेली. शेजारून शेळ्या पुढे गेल्या. एकाने जोशात वाट सोडून गवतात गाडी घातली, तर गुराख्याने त्याची सात पिढ्यांची विचारपूस केली. बरोबरच केलं, ते गवत म्हणजे त्याची वर्षाची वैरण.

हे सगळं कुठे चाललंय, तर नगरात! इथे 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लष्कराच्या गाड्या पारखणारी व्हीआरडीई आहे. रणगाडे बघत मोठी झालेली पोरं सोळा इंची दगड ओलांडून एकमेकांना टाळ्या देतात! आणि आमच्या माहेरी काळीपिवळी जीप पंधरा माणसं, दोन कोंबड्या घेऊन पावसाळाभर असल्याच वाटेने जायची. तिचा कुणी फोटो काढला नाही.

येताना आगडगावला वळलो. रविवार, म्हणजे काळभैरवनाथाची आमटी-भाकरी. बाजरीची भाकरी कुस्करताना भाऊजी मोज्यातली कुसळं उपटत होते आणि चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही पानिपत जिंकून आले.

सगळ्यात जास्त धक्का बसला तो आमच्या पंक्चरवाल्या मामांना. "चाळीस वर्षं हवा भरली वहिनी, सोडायला कुणी आलं नव्हतं," म्हणत दोन दिवस ते सुन्न होते. तिसऱ्या दिवशी दुकानावर खडूने लिहिलेली पाटी लागली: 'हवा सोडून मिळेल. भरायचे वेगळे.'