पन्नास घरं, एक कॅन्टीन

पोरानं पदवीला समाजशास्त्र घेतलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे पुढे समाजसेवा का?’ मानवशास्त्र घेतलं तर प्रश्नही येत नाही, नुसता सुस्कारा. मग पोरगं हळूच सांगतं, ‘यूपीएससीला ऑप्शनल आहे. दोन पेपर, पाचशे मार्क, सिलॅबस छोटा.’ लगेच वडिलांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. मानवाचा अभ्यास कलेक्टरकीसाठी असतो हे एकदा कळलं की फी भरायला कुणाची ना नसते.

तसा हा विषय आपल्याच घरचा. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला. पुढे तो मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी उभा केला. त्यांच्या शिष्या इरावती कर्वे माणसांची डोकी मोजत महाराष्ट्र हिंडल्या, वारीत पायी चालल्या आणि एकाच दिंडीत ब्राह्मण वेगळे जेवतात, मराठे वेगळे, हेही लिहून मोकळ्या झाल्या. घुर्ये यांचेच दुसरे शिष्य एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले. १९७० मध्ये अमेरिकेत आग लागून तिथल्या टिपणांवरचं त्यांचं सगळं काम जळालं, तेव्हा त्यांनी आठवणीतून आख्खं पुस्तक लिहिलं.

आमच्या पोरांना असली भीती नाही. टिपणं काढायचीच नाहीत, मग जळतील कशी?

‘निवडक पन्नास कुटुंबांचे सर्वेक्षण’ हा प्रकल्प कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एका दुपारी पार पडतो. चौघं बसतात. एक जण नावं सुचवतो, दुसरा उत्पन्न ठरवतो. ‘कुटुंबाचा प्रकार: संयुक्त की विभक्त’ इथे आलटून पालटून टिक पडते. हस्ताक्षर एकसारखं दिसू नये म्हणून तीन रंगांची पेनं असतात, शेवटचे दहा फॉर्म डाव्या हातानं. एका फॉर्मवर चहाचा डाग पाडतात, तो क्षेत्रकार्याचा पुरावा. ‘जात’ या रकान्याशी आल्यावर मात्र सगळे एकदम पुरोगामी होतात. असं कुणाला विचारणं बरं दिसत नाही, असं एकमतानं ठरतं आणि आडनावावरून रकाना बिनचूक भरला जातो.

निष्कर्ष ठरलेला: शहरीकरणामुळे संयुक्त कुटुंबं मोडत आहेत. गेल्या बॅचचाही हाच होता. सरांना पाठ आहे, त्यामुळे ते वाचत नाहीत. सरांचाही दोष म्हणवत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तासाचे पैसे मिळतात, खेड्यात जाऊन राहण्याचे कोण देतो?

खरं संशोधन चालतं ते लग्नाच्या पंगतीत. तिथली कुठलीही आत्या घ्या. जिलबी येईपर्यंत तिनं शेजारणीचं मूळ गाव, कुलदैवत, देवक, माहेरचं आडनाव, धाकट्या जावेचं भांडण आणि थोरल्याचा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, एवढं काढलेलं असतं. प्रश्नावली नाही, रेकॉर्डर नाही. मामाची मुलगी चालते, चुलत्याची का नाही, हे नातेसंबंधांचं प्रकरण इरावतीबाईंनी १९५३ मध्ये ग्रंथात मांडलं. आत्या ते मठ्ठा पिताना समजावते. आणि तिचा भाचा हाच धडा गाईडमधून पाठ करतो. त्याचं स्वतःचं देवक विचारा, तो आईला फोन लावेल.

विद्यापीठांनी वधूवर सूचक मंडळांच्या संचालिकांना मानद प्राध्यापक नेमावं, अशी आमची नम्र सूचना आहे. नेटची अट शिथिल करावी. प्रात्यक्षिक परीक्षा मंगल कार्यालयात घ्यावी.

तोवर वाचकांना एवढीच विनंती, की एखाद्या दुपारी विद्यार्थी खरोखरच प्रश्नावली घेऊन दारात आला तर त्याला सेल्समन समजून हाकलू नका. पाणी द्या, बसवून घ्या, खरं काय ते सांगा. बाकीच्यांनी तुमची उत्तरं केव्हाच लिहून दिली आहेत.