बाबांना आवडलेलं गाव

न्यू जर्सीतल्या मराठी बाबांमध्ये एक शिस्तप्रिय पोटजात आहे. जन्म डोंबिवलीचा, घर एडिसनला आणि फ्रिजवर लॅमिनेट केलेलं वेळापत्रक. त्यात व्हायोलिन, गणिताचा क्लास, रविवारची मराठी शाळा आणि ‘मोकळा वेळ : ७.१० ते ७.३०’ अशी नोंद असते. लेकीच्या शाळेने नेमलेलं प्रत्येक पुस्तक हे गृहस्थ हातात पेन्सिल घेऊन स्वतः वाचतात. सातवीला लागलेल्या लोइस लोरीच्या ‘द गिव्हर’वर न्यूबेरी पदकाचा शिक्का दिसला तेव्हा त्यांनी मान डोलावली. मुलांचंच पुस्तक, जेवणाआधी उरकेल!

१९९३ साली आलेल्या या कादंबरीची गंमत अशी की, पोरांना तिच्यातलं काळंबेरं दहा-वीस पानांतच कळतं. बाबांना मात्र अर्ध्याच्या पुढे जाईपर्यंत त्यातलं गाव आदर्श वाटतं. का वाटू नये? भूक नाही, भांडण नाही, बेकारी नाही. प्रत्येक घरात एक मुलगा, एक मुलगी. सायकल नवव्या वर्षी, त्याआधी हट्ट चालायचा नाही. वर्गात उशिरा आलेलं पोर सगळ्यांसमोर रीतसर माफी मागतं आणि वर्ग रीतसर माफ करतो. रात्री घरातल्या प्रत्येकाने दिवसभरात काय वाटलं ते सांगायचं. बाबांनी समासात लिहिलं, ‘डेली स्टँडअप’.

बारा वर्षांची मुलं कोणतं काम करणार हे गावातली वडीलधारी मंडळी ठरवतात, तिथे तर त्यांनी बायकोला हाक मारली. “अगं, बाराव्या वर्षी करिअर फिक्स! एंट्रन्स नाही की ‘मला अजून ठरवायचंय’ नाही!” गावात बर्फ पडत नाही हे वाचून ड्राइव्हवेवरचं फावडं आठवलं आणि समाधान आणखी वाढलं. रंगसुद्धा नाहीत हे कळल्यावर जरा अडखळले. मग म्हणाले, “बरंय, धुण्यात पांढरे कपडे वेगळे काढायला नकोत.”

पुढे जोनास नावाच्या मुलावर जगाच्या आठवणी सांभाळायचं काम येतं. एक म्हातारा पाठीवर हात ठेवून त्याला ऊन, युद्ध, घसरगाडी, घरातली माया असं एकेक देत जातो. बाबांच्या मते इथे लांबण लागली आहे. जोनास आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात आणि नेमका शब्द वापरायला सांगतात. बाबांनी तिथे टिकमार्क केली.

एकोणिसाव्या प्रकरणात पेन्सिल थांबली. गावात कुणाला ‘मोकळं’ करतात म्हणजे दुसऱ्या गावी बदली, असं बाबांनी सोयीने धरून ठेवलं होतं. इथे जोनासचा बाप जुळी बाळं वजनकाट्यावर ठेवतो. हलकं निघालेल्या बाळाच्या कपाळात सुई टोचतो, दुखतंय ना रे, असं बोबड्या बोलीत समजावतो. मग ते खोक्यात घालून कचऱ्याच्या झरोक्यातून सोडतो आणि हात हलवून टाटा करतो. हा बाप दुष्ट असता तर बाबांना बरं वाटलं असतं. पण तो मायाळू आहे, मुलाबाळांत रमणारा आहे. नेमून दिलेलं काम स्वच्छ उरकून तो जेवायला वेळेवर घरी येणार आहे.

बाबा वर गेले. लेकीच्या दारात उभे राहिले. ७.३० कधीच उलटून गेले होते, तरी काही बोलले नाहीत. शेवटी विचारलं, “जेवलीस का?” ती तासाभरापूर्वी त्यांच्याच शेजारी बसून जेवली होती.

१९९० च्या दशकात अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत ‘द गिव्हर’ बरंच वर होतं. आमचे बाबा असला आक्षेप घेणार नाहीत. त्यांची तक्रार शेवटाबद्दल आहे. जोनास एका तान्ह्याला घेऊन पळतो, बर्फात गारठतो, घसरगाडीवरून खाली दिव्यांकडे निघतो आणि पुस्तक संपतं. रात्री एक वाजता बाबांनी बाइंडिंग तपासलं, पान गळलं असावं म्हणून. सकाळी लेकीला विचारलं. तिने शाळेच्या वाचनालयातली प्रत आठवड्यापूर्वीच संपवली होती.

“ते आपल्यावर सोडलंय, बाबा.”

“आपल्यावर काय? पोरं वाचली की नाही, एवढं सांगायचं!”

“पुढच्या पुस्तकांत आहे. ‘मेसेंजर’मध्ये जोनास येतो, मोठा झालेला. २००४ चं आहे.”

बाबांनी हिशेब केला. “म्हणजे अकरा वर्षं? आमच्याकडे दोन दिवस स्टेटस अपडेट दिलं नाही, तर क्लायंट थेट व्हाइस प्रेसिडेंटला फोन लावतो.”