साहेब रोज यावेत

उघड्या कोळसा खाणीची धूळ कशी आटोक्यात आणायची, यावर तज्ज्ञांनी उगाच डोकं शिणवू नये. चंद्रपूरकडे हे उत्तर केव्हाच सापडलं आहे. ते यंत्र नाही, रसायनही नाही. त्याला पगार आहे, प्रवासभत्ता आहे आणि दुपारी दोनला जेवण लागतं. त्याचं नाव तपासणी अधिकारी.

प्रत्यय हवा असेल तर तपासणीच्या सकाळी घुग्घुस-वणी पट्ट्यातल्या खाणीच्या रस्त्यावर उभे राहा. (कोणत्या, ते विचारू नका. या सदरातली खाण काल्पनिक आहे, धूळ तेवढी खरी.) एरवी कायम दुरुस्तीला गेलेला पाण्याचा टँकर पहाटेच दोन फेऱ्या मारून गेलेला असतो. हायवांवर ताडपत्र्या चढलेल्या, त्याही कोऱ्या, घड्या न मोडलेल्या. चालक इतक्या सावकाश जातात की रस्त्यावरची गुरं बावचळतात. ब्लास्टिंग ‘तांत्रिक कारणाने’ पुढे ढकललं जातं. पारावरचा म्हातारा ओला रस्ता बघून सांगतो, “साहेब येऊन राहिले वाटते.” हवामान खात्याला पावसाचा इतका अचूक अंदाज अजून जमलेला नाही.

गावकरीही आता शहाणे झालेत. कुरडया वाळवणं, गाद्या उन्हात टाकणं, पाहुण्यांना मुलगी दाखवणं, सगळं तपासणीचा मुहूर्त साधून. कापसाचंही तसंच करता आलं असतं, पण बोंडं सरकारी पत्र बघून फुटत नाहीत. ती भलत्याच दिवशी फुटतात, झाडावरच काळवंडतात आणि व्यापारी भाव पाडून मागतो.

साहेबांना आधी व्ह्यू पॉइंटवर नेतात. खाली खड्डा, पलीकडे ओबीचे डोंगर. कोळशावरची माती आणि दगड उपसून रचलेले हे डोंगर आता नकाशात दाखवायला हरकत नाही. पावसाळ्यात ते थोडे थोडे नाल्यानाल्यांनी इरईत, वर्धेत उतरतात. त्यांच्यावर वृक्षारोपणही झालेलं असतं, रोपांच्या पिशव्यांसकट. पिशवी फाडली तर पुढच्या तपासणीला तेच रोप पुन्हा कसं लावणार?

मग हवा मोजायची. इथे कायद्याची दूरदृष्टी थक्क करते. तुमच्याआमच्या हवेत पीएम 10 धुळीची मर्यादा 24 तासांना घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम. कोळसा खाणींसाठी 2000 साली वेगळी मोजपट्टी आली, तिच्यात जुन्या खाणींना 300. खाणीच्या कुंपणाशी आलं की माणसाची फुप्फुसं तिप्पट मजबूत होतात, असा हा शोध असावा. यंत्र ठेवायचं ते धूळ उडते तिथून 500 मीटरवर, वारा जातो त्या बाजूला, पंधरवड्यातून एकदा. वारा जातो कुठे, यावर मात्र बरीच चर्चा होते. चहा-बिस्किटांनंतर तो गावाच्या उलट दिशेने जातो, असं एकमताने ठरतं.

एवढं सगळं कागदावर यावं लागतं. पर्यावरण मंजुरीच्या अटी कितपत पाळल्या, याचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. तो लिहिते खाणच. अट: वरची सुपीक माती वेगळी साठवून पुन्हा वापरावी. पूर्तता: मान्य. अट: रस्त्यांवर नियमित पाणी मारावे. पूर्तता: मारले जात आहे, फोटो सोबत. फोटोत टँकर आहे आणि टँकरमागे साहेबांची गाडी.

या प्रगतीची दखल दिल्लीनेही घेतली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूरला 83.88 मिळाले. देशात चौथा क्रमांक. दहावीच्या पोराने एवढे मिळवले असते तर घरोघरी पेढे गेले असते. यात वाटा एकट्या कोळसा खाणींचा नव्हे. वीज केंद्र आणि सिमेंटचे कारखानेही अभ्यासाला बसले होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. साहेब एका दिवसात जे करून दाखवतात, ते वर्षभर करू द्या. प्रत्येक खाणीवर एक साहेब कायमचा बसवा. त्यांना बंगला द्या, बाग द्या. फक्त बंगला कोळशाच्या सायडिंगपासून 500 मीटरवर, वारा जातो त्या बाजूला हवा. तेवढे साहेब नसतील तर पुतळे करा. शेतात बुजगावणं चालतं, मग खाणीवर सफारी घातलेलं का चालू नये? टँकरवाल्याला लांबून फरक कळणार नाही.

तेही नको असेल तर राहता राहिला कायद्याचा धाक. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनाला 1986 पासून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती काढून टाकली आणि 1 एप्रिल 2024 पासून फक्त दंड ठेवला, किमान 10 हजार, कमाल 15 लाख रुपये. 10 हजारांत हायवाचं एक नवं टायरही येत नाही.