समुद्राची सबब

दिल्लीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात द्वारका नावाची उपनगरी आहे. नाव समुद्रात बुडालेल्या नगरीचं आणि समुद्र हजारएक किलोमीटर लांब. मूळचा हा पप्पनकलांचा परिसर. दिल्ली विकास प्राधिकरणाने तिथे सेक्टर पाडले, सेक्टरांत सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या आणि बारशाला कृष्णाची राजधानी आठवली. गुजरातची द्वारका पाण्याने गेली असं पुराण सांगतं. दिल्लीची पाण्यावाचून वाढली असं तिथले जुने रहिवासी सांगतात. मंत्रालयांत, बँकांत, सैन्यात नोकरीला आलेली बरीच मराठी कुटुंबं इथे आहेत. डिसेंबरात दिल्लीची हवा घशात खवखवायला लागली की त्यातली काही अंदमानचे बेत करतात आणि उरलेली आधीच जाऊन आलेली असल्याने सल्ले देतात. कशाला जाता असं विचारलं तर सांगतात, समुद्र बघायला. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण खरं नाही. आमचं म्हणणं असं, की द्वारकेचा माणूस बेटावर जातो तो सबब शोधायला. आणि समुद्रासारखी भक्कम सबब अख्ख्या एनसीआरमध्ये मिळत नाही.

मुद्दा मांडायचा तर पैशांपासून मांडावा, कारण प्रवासही तिथूनच सुरू होतो. केंद्र सरकारच्या नोकराला रजा प्रवास सवलत मिळते. तिला दिल्लीतला कट्टर मराठी माणूसही एलटीसीच म्हणतो. चार वर्षांच्या गटात सरकार त्याला ठरावीक वेळा ‘स्वग्रामी’ जायचं भाडं देतं. मात्र ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख आणि अंदमान-निकोबार यांच्यासाठी खास सूट आहे: एका खेपेला स्वग्रामाऐवजी इकडे जा, विमानाचं भाडं आम्ही देतो. सूट मुदतीची असते आणि मुदत संपत आली की वाढवली जाते. म्हणजे ज्याच्या सेवापुस्तकात स्वग्राम म्हणून सातारा लिहिलेलं आहे, त्याला सरकारदरबारी साताऱ्याच्या बदली अंदमान चालतं. साताऱ्याला गेलं की भावकीतल्या बांधाचा विषय निघतो, अंदमानात निघत नाही. तेव्हा माणूस कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. वर या सवलतीबरोबर दहा दिवसांची अर्जित रजा विकून रोख घेता येते. सुट्टीवर जायचं आणि जाताजाता सुट्टीच विकायची! मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांनी हा व्यवहार अभ्यासावा. तसं सरकारी खर्चाने अंदमानला जाणं आपल्याला नवीन नाही. पूर्वी फक्त तिकीट एकेरी असे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सरकार भाडं देतं, हॉटेल देत नाही. तिथे जाऊन जी गैरसोय सोसायची, तिचे पैसे पदरचे मोजावे लागतात, आणि लोक ते हसत मोजतात. आमच्या म्हणण्याचा हा पहिला पुरावा.

आता बेट म्हणजे काय ते पाहू. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन, असं आपण शाळेत घोकलं. पाण्याच्या जागी कुंपणाची भिंत घाला, की द्वारकेतली कुठलीही सोसायटी तयार. एक फाटक, फाटकावर गार्ड, गार्डाजवळ सुतळीने पेन बांधलेलं रजिस्टर. आत शिरणाऱ्याने नाव, फ्लॅट नंबर, येण्याचं कारण आणि वेळ लिहायची. पासपोर्टवर शिक्का मारणारे अधिकारी याहून कमी विचारतात. अंदमान-निकोबारात बेटं, बेटुकल्या आणि खडक मिळून 836 मोजले आहेत आणि वस्ती मूठभरांवर. द्वारकेत अशी बेटं शेकड्यांनी आहेत आणि वस्ती सगळ्यांवर. पाण्याचं म्हणाल, तर सुरुवातीची बरीच वर्षं इथल्या सोसायट्यांनी टँकर आणि बोअरवेलवर काढली. हरियाणातून कालव्याने येणाऱ्या पाण्यावर चालणारं, रोज पाच कोटी गॅलन क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र 2015 साली सुरू झालं. पण टँकरची सवय काही रक्तातून जात नाही. उन्हाळ्यात सकाळी मागच्या फाटकावर टँकर लागला, की पाचव्या मजल्यावरच्या काकू नुसत्या आवाजावरून सांगतात तो भरलेला आहे की अर्धा. बंदरात आलेल्या जहाजाकडे बेटावरचे लोक याच नजरेने बघत असतील. थोडक्यात, द्वारकेच्या माणसाला बेटावर राहायचा सराव आहे. तो अंदमानला जातो तेव्हा खरं तर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातो.

प्रवासही सोपा. सेक्टर 21च्या मेट्रो स्थानकावर एअरपोर्ट एक्स्प्रेस धरली की पुढचंच स्थानक विमानतळ. तिथून थेट विमान मिळालं तर ठीक, नाहीतर चेन्नई किंवा कोलकाता गाठायचं, आणि मग खाली निळ्या पाण्यात हिरवे ठिपके दिसू लागले की पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024पासूनचं श्री विजयपुरम. तिथून हॅवलॉक, म्हणजे 2018पासूनचा स्वराज द्वीप, बोटीने दोन-अडीच तास. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार ज्यांनी फक्त वाचलेला असतो, त्यांना तो या अडीच तासांत अर्थासकट समजतो. धक्क्यावर बोटीची वाट पाहणारं मराठी कुटुंब पाहावं. आईच्या पर्समध्ये उलटीच्या गोळ्या, लिंबू आणि आवळासुपारी; वडिलांच्या हातात तिकिटांच्या तीन प्रती, पैकी एक ‘ऑफिसच्या फायलीला’; पिशवीत भाकरवडी, जी समुद्राच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी मऊ पडणार हे माहीत असूनही आणलेली. एवढ्यात कुणीतरी सांगतं, समुद्र खवळलाय, बोट दोन तास उशिरा सुटेल. आणि इथे चमत्कार घडतो. द्वारकेत लिफ्ट दहा मिनिटं अडकली म्हणून ज्याने तीन पानी तक्रार लिहिली, तो गृहस्थ मान डोलावतो, शहाळं मागवतो आणि म्हणतो, “असू द्या, समुद्रापुढे कुणाचं चाललंय?”

पुढचे पाच दिवस हेच. 2020 साली चेन्नईहून समुद्रतळाशी सुमारे 2300 किलोमीटरची केबल टाकून अंदमानात वेगवान इंटरनेट नेलं, तरी किनाऱ्याकिनाऱ्यावर फोनची रेंज पळतेच. द्वारकेत तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज गेली तर कंपनीचा उद्धार होतो. इथे त्याला ‘मनःशांती’ म्हणतात. अंदमान पूर्वेला फार लांब, पण घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि साडेआठला गाव झोपतं. द्वारकेत आठला वीज गेली तर जनरेटर किती सेकंदांत सुरू झाला याची चर्चा होते; इथे अंधारात बसून तारे मोजतात. ज्या मराठी घरात भात दहा मिनिटं उशिरा झाला तर सूर बदलतो, तिथली माणसं मासळी अजून यायची आहे हे ऐकून तासभर खुर्चीत झुलतात. शहीद द्वीपावरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, म्हणून पहाटे चारला उठतात. हीच मंडळी सोसायटीतल्या सहाच्या योगवर्गाला सातत्याने गैरहजर असतात. गैरसोय तीच. द्वारकेत ती सहन होत नाही आणि बेटावर तिचे फोटो काढतात. असं का?

कारण बेटावरच्या प्रत्येक गैरसोयीला समुद्र हे एकच उत्तर आहे आणि ते सगळ्यांना मान्य असतं. भाजी महाग का? समुद्रापलीकडून येते. बोट का नाही? समुद्र खवळलाय. गाडी का नाही, औषध का नाही, पेपर कालचा का? समुद्र. द्वारकेत याच प्रश्नांना प्रत्येकी सहा उत्तरं असतात आणि प्रत्येक उत्तरात एक माणूस असतो: सेक्रेटरी, खजिनदार, ठेकेदार, पालिका, प्राधिकरण आणि मागच्या वेळचा सेक्रेटरी. शहरातल्या माणसाला गैरसोय थकवत नाही, चूक कुणाची हे रोज ठरवायचं काम थकवतं. ते काम नोकरीहून अवघड, कारण त्याला रविवारची सुट्टी नसते. उलट सर्वसाधारण सभा रविवारीच भरते. जिथे कुणाचीच चूक नाही अशा ठिकाणी पाच रात्री आणि सहा दिवस काढायला मिळाले, तर त्या पॅकेजला वाटेल ती किंमत स्वस्तच.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: सौंदर्य म्हणून काही आहे की नाही? आहे. अंदमानातल्या राधानगरचा किनारा सुंदर आहे यात वाद नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने 2004 साली त्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं आणि 2020 साली त्याला ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. पण त्याच दिवशी ज्या आठ भारतीय किनाऱ्यांना ते मिळालं, त्यांत गुजरातच्या द्वारकेजवळचा शिवराजपूरही होता. नुसतं सौंदर्य हवं, तर सख्ख्या नावाच्या गावी रेल्वेने जाता आलं असतं. शिवाय सहा दिवसांचा हिशोब मांडून पाहा. विमानं, बोटी, टॅक्स्या, रांगा, जेवणं आणि झोप वजा केली, तर प्रत्यक्ष समुद्राकडे बघण्याला चार-पाच तास उरतात, आणि त्यातले बरेच फोनच्या पडद्यातून. एलिफंट बीचवरचे प्रवाळ आणि त्यांतून सुळसुळणारे मासे यांच्यापुढे मात्र आम्ही हात टेकतो. ते खरोखर दुसरं जग आहे. पण तिथलाही आनंद नीट तपासावा. पाण्याखाली उतरताना तोंडात श्वासाची नळी असते आणि बोलायला हाताच्या दोन-तीन खुणा. बारा वर्षं सोसायटीच्या कार्यकारिणीवर असलेल्या माणसाला वीस मिनिटं ना बोलता येतं, ना कुणी त्याला काही बोलू शकतं. वर आल्यावर तो जे ‘अद्भुत, अद्भुत’ म्हणतो, ते सगळंच माशांसाठी असतं असं आम्हाला वाटत नाही.

दुसरा आक्षेप कोकणातून येतो: आमच्याकडे काय समुद्र नाही? आहे, आणि उत्तम आहे. पण कोकणात मराठी माणूस पाहुणा नसतो, जाणकार असतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची रीत त्याला ठाऊक असते, सोलकढीत काय कमी आहे ते कळतं, आणि पूर्वी इथे असं नव्हतं हे वाक्य जिभेवर तयार असतं. जाणकारी आली की चूक शोधणं आलं. अंदमानात त्याला काहीच कळत नाही, म्हणून तो सुखी. गोव्याला रस्ता जातो; उशीर झाला तर घाटाला, ट्रकला, चुलतभावाच्या ड्रायव्हिंगला दोष देता येतो. राहिलं बेट द्वारका. ते खरंखुरं बेट, पूर्वी ओख्याहून होडीने जावं लागे. पण 25 फेब्रुवारी 2024 रोजी तिथे सव्वादोन किलोमीटरहून लांब सुदर्शन सेतू खुला झाला. भाविकांची मोठी सोय झाली आणि बेटाची सबब कायमची गेली. आता उशीर झाला तर तो ट्रॅफिकमुळे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याच्यापुढे थट्टा आवरती घ्यावी लागते. तुमची गंमत ती तिथल्या लोकांची रोजची अडचण, त्याचं काय? हे खरं आहे. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, दिल्लीच्या चौपट. तरी तो साठवायला जागा अपुरी म्हणून श्री विजयपुरममध्ये उन्हाळ्यात धनीखारी धरणाचं पाणी मोजून सोडावं लागतं. हॉटेलच्या शॉवरखाली रेती धुणाऱ्याच्या ध्यानीमनीही ते नसतं. आजारी माणसाला मोठ्या इस्पितळात न्यायचं तर मधे तोच समुद्र असतो, आणि 2004च्या डिसेंबरातल्या त्सुनामीत त्याने काय केलं ते तिथे कुणी विसरलेलं नाही. शिवाय समुद्राची सबब सगळ्यात आधी आणि सगळ्यात क्रूरपणे वापरली ती इंग्रजांनी. सेल्युलर जेल 1906 साली पुरं झालं: मधल्या मनोऱ्यातून सात पाकळ्यांसारख्या सात इमारती, जवळपास सातशे कोठड्या, जमिनीपासून तीन मीटर उंच झरोका, आणि रचना अशी की एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर कैदी दिसू नये. बाहेरच्या भिंतीचं बरंचसं काम समुद्राने करायचं. सावरकर तिथे 1911 साली पोचले आणि 1921पर्यंत होते. उरलेल्या तीन इमारतींपैकी एकीत, वरच्या मजल्यावर त्यांच्या कोठडीसमोर मराठी पर्यटक गप्प उभा राहतो; नळी तोंडात नसतानाही. ही गैरसोय समुद्रामुळे नव्हती, ती माणसांनी आखून, मोजून बांधली होती, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हा आमचं म्हणणं थोडं दुरुस्त करून घेतो: सबब सुखाची असते ती परतीचं तिकीट खिशात असेपर्यंतच.

ते तिकीट असतं. विमानतळावर, जो सावरकरांच्याच नावाचा आहे, सामान तपासतात, कारण प्रवाळ आणि संरक्षित शंख-शिंपले बेटाबाहेर न्यायला बंदी आहे. मुलाने खिशात लपवलेला शंख काढून ठेवावा लागतो; आणि मान वर करून पाहावं, तर 2023 साली सुरू झालेली टर्मिनलची इमारतच शिंपल्याच्या आकाराची. द्वारकेला पोचल्यावर अंदमानचा गुण दोन-तीन दिवस टिकतो. टँकर आला नाही तरी गृहस्थ बाल्कनीत चहा घेत बसतो, डोक्यावरून जाणाऱ्या विमानांकडे बघतो, आणि बायकोने विचारलंच तर म्हणतो, “लागेल गं धक्क्याला.” चौथ्या दिवशी सकाळी तो चप्पल घालून खाली उतरतो आणि गार्डला विचारतो, “सेक्रेटरी साब किधर हैं?”