पडून नाही, पुट अप आहे

सातबारा हस्तलिखित होता तोवर आम्ही 'पाटील' होतो. तो संगणकावर चढला आणि आमचा 'पाटिल' झाला. दुसऱ्या वेलांटीची पहिली झाली, एवढंच. पण बँकेच्या मते आधार कार्डावरचा पाटील आणि सातबाऱ्यावरचा पाटिल ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि त्यातल्या कुणाला कर्ज द्यायचं हे ठरत नसल्यामुळे ती कुणालाच देत नाही. तेव्हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली, म्हणजे लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी, मी रीतसर अर्ज केला. तेव्हा आंब्यांना मोहोर होता. आता पुन्हा आलाय.

मधल्या काळात मी त्या कार्यालयात जेवढ्या चकरा मारल्या, त्या सगळ्यांत मला एकच वाक्य मिळालं : "साहेबांना पुट अप केलंय."

राजभाषा अधिनियम होऊनही साठ वर्षं उलटली. टिप्पणी मराठीत, शेरा मराठीत, कागदावर तर फाईलसुद्धा 'नस्ती' असते. पण तोंडातलं 'पुट अप' काही जात नाही, आणि का जात नाही हे मला आता कळलंय. 'सादर केलं' म्हटलं की समोरचा विचारतो, कधी? 'पेश केलं' त्याहून जोखमीचं, कारण पेश केलेली वस्तू पलीकडचा बघणार हे त्यात गृहीत असतं. 'वर पाठवलं' म्हणावं, तर मराठीत वर गेलेला परत येत नाही. 'पुट अप'ला यातलं काहीच चिकटत नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि जिना उतरायला लागतो.

गेल्या मंगळवारी मात्र मला चक्क खुर्ची मिळाली. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी ती स्वतः पुढे ओढली.

"तुम्ही पेपरात लिहिता ना हो?"

मी कबूल केलं.

"पोरगी आठवीत आहे. इंग्रजीत आलं होतं, पुट अप म्हणजे काय. तिनं लिहिलं, टेबलावर ठेवणे. बाईंनी शून्य दिलं." भाऊसाहेबांचा आवाज दुखावलेला होता. "बावीस वर्षं मी पुट अप करतोय. आणि माझ्या पोरीला शून्य!"

मी म्हटलं, पोरीला दोष देऊ नका. डॉक्टर जॉन्सननी 1755 मध्ये इंग्रजीचा कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबूल करून टाकलं होतं की क्रियापदाला असली शेपटी जोडायची आमची खोड परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. तरी तेव्हा या प्रकाराला धड नावसुद्धा नव्हतं. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून 1925 मध्ये रूढ झालं. म्हणजे इंग्रजांनी आधी राज्य केलं आणि व्याकरण मग बघितलं.

"पण अर्थ किती?" भाऊसाहेबांनी मुद्द्यावर आणलं आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहायला बसलो.

तंबू पुट अप करतात, तो उभारणे. भित्तिपत्रक पुट अप करतात, ते डकवणे. भाव चढवणे, उमेदवार उभा करणे, पदरचे पैसे घालणे, छत्री उघडणे, केसांचा अंबाडा घालणे, सगळं तेच. घर विकायला 'काढणे' हेही पुट अप. आपण जे बाहेर काढतो, ते इंग्रज वर ठेवतो. मुक्कामाचं तर उलटंच आहे. पाहुणा आला की आपण विचारतो, कुठं उतरलात? तोच पाहुणा इंग्रजीत पुट अप होतो. एकच माणूस, एकच लॉज, आणि मराठीत खाली येतो तर इंग्रजीत वर जातो.

"हे लिहा," भाऊसाहेब म्हणाले, "हे चांगलंय."

मग तलवार. जुन्या इंग्रजीत तलवार पुट अप करायची म्हणजे म्यान करायची. आणि फाईट पुट अप करायची म्हणजे झुंज द्यायची. शत्रूसमोर उभं राहून सेनापती नुसतं 'पुट अप' ओरडला, तर निम्मं सैन्य पुढे धावेल आणि निम्मं घरी जाईल. एखाद्याला पुट अप 'टू' केलं तर त्याला फूस लावली. 'पुट-अप जॉब' म्हटलं की संगनमत, आधीच शिजलेला बनाव. हा शब्द लिहिताना मी मान वर केली नाही. भाऊसाहेबही खिडकीबाहेर बघत होते.

माझा सगळ्यात आवडता अर्थ मात्र स्वयंपाकघरातला. अमेरिकेतल्या गावाकडच्या बायका उन्हाळ्यात काकड्या, पीच, टोमॅटो बरण्यांत भरून, झाकण घट्ट लावून, फडताळात ठेवतात, त्यालाही पुट अप म्हणतात. आपण लोणचं घालतो ना, तसं. वस्तू ताजी असताना आत टाकायची, वर दट्ट्या ठेवायचा, मधेमधे उघडायचं नाही आणि मुरू द्यायची. भाऊसाहेबांच्या मागच्या कपाटाकडे माझं लक्ष गेलं. फडकी बांधलेले गठ्ठे तीन थरांत रचलेले होते. वरच्या थरात आमची वेलांटी असावी, रंग अजून पांढरा होता.

शेवटी राहिलं पुट अप 'विथ'. सोसणे, चालवून घेणे, खपवून घेणे. वाक्याच्या शेवटी असली अव्ययं लोंबकळू देऊ नयेत, असं सांगणाऱ्या कुणा चिकित्सकाला चर्चिलने याच शब्दाची ओढाताण करून गप्प केलं, असा किस्सा सांगतात. तो चर्चिलचाच असल्याचा पुरावा नाही, पण इंग्रजी विनोदाला मालक लागतोच. हा अर्थ भाऊसाहेबांना समजावताना उदाहरण पटकन सुचेना. त्यांनी मलाच नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "समजलं."

धीर चेपल्यामुळे मी हळूच 2005 चा कायदा काढला. त्याचं खरं नाव वाचेपर्यंत एक दिरंगाई होते म्हणून लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदाच म्हणतात. म्हटलं, त्यात आहे ना, कुठलीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये?

"पडून?" भाऊसाहेब मनापासून चकित झाले. "पडून कुठंय? पुट अप आहे ना!"

जॉन्सनलाही याच्यावर उत्तर सापडलं नसतं.

माझा कागद त्यांनी दोनदा वाचला, शाळेसाठी मोबाइलमध्ये फोटो काढला. मग जुन्या सवयीनं त्याला पंच मारला, कपाटातून आमची नस्ती ओढली, टॅग सोडला, पत्रव्यवहाराच्या बाजूला कागद ओवला आणि कोपऱ्यात लाल शाईनं 47 आकडा घालून भोवती गोल केला. हात आपोआप चालले होते. मी काही बोलेपर्यंत गाठ बसलीसुद्धा. शिपाई येऊन नस्ती घेऊन गेला, आणि ती खरोखरच जिना चढून वर गेली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

शुक्रवारी ती खालीही आली. टिप्पणीखाली साहेबांच्या सुवाच्य अक्षरात हिरव्या शाईचा शेरा आहे :

"पान 47 पाहिले. अर्जदाराने 'पुट अप'चे अनेक अर्थ सादर केले आहेत. त्यांपैकी प्रस्तुत प्रकरणी कोणता अभिप्रेत आहे, याचा खुलासा घेऊन पुन्हा पुट अप करावे. अर्जदार : पाटिल."