ताबा घ्या, भावकी अडवा: नवख्या विषाणूंसाठी

फुलंब्रीच्या शिवारात, आल्याच्या रानाला लागून म्हशीच्या शेणाचा ढीग असतो. त्यात ई. कोलाय जिवाणूंची दाट वस्ती. तुम्ही बॅक्टेरियोफेज, म्हणजे जिवाणूवर पोसणारे विषाणू. तुमच्या नावावर सातबारा नाही. हरकत नाही. ताबा महत्त्वाचा. टी४ या नामवंत फेजचा कित्ता गिरवा, अर्ध्या तासात काम उरकेल.

१. पाय रोवा. सहा लांब तंतू जिवाणूवर टेकवा, शेपूट आखडा, नळी आत खुपसा. नळीच्या टोकाला लायसोझाइम हे एन्झाइम असतं. ते पेशीभित्तिका कुरतडतं. भोकातून डीएनए आत सोडा. जिवाणूबद्दल वाईट वाटेल. वाटू द्या, थांबू मात्र नका.

२. आत शिरताच भिंतीचे कैवारी व्हा. कुंपणाची किंमत घुसखोराइतकी कुणालाच कळत नाही. पहिल्या काही मिनिटांतच एसपी आणि आयएमएम ही दोन प्रथिनं बनवून घ्या, जिवाणूच्याच यंत्रणेत, त्याच्याच खर्चानं.

३. एसपीला भिंतीपाशी बसवा. मागून येणारा तुमच्यासारखंच लायसोझाइम घेऊन येणार. एसपी नेमकं तेच निकामी करतं. मारामारी नको, आरडाओरडा नको. हत्यार बोथट झालं की बिचारा बाहेर लटकत राहतो.

४. तरी कुणी भिंत फोडलीच, तर आतल्या पडद्याशी आयएमएम उभं ठेवा. अवघ्या ८३ अमिनो आम्लांचं, पण खमकं. पाहुण्याचा डीएनए पडद्याबाहेरच अडकतो आणि जिवाणूचीच एन्झाइमं त्याचे तुकडे पाडतात. तुमचे हात स्वच्छ.

५. शत्रू नीट ओळखा. हा बंदोबस्त मुख्यतः टी२, टी६ अशा नात्यातल्यांसाठी. परक्याची हत्यारं वेगळी, तो कदाचित यातूनही निसटेल. भाऊ मात्र आत येता कामा नये.

६. बाहेरून धडका वाढल्या तर मुक्काम वाढवा. इतके फेज दारात, म्हणजे रिकामे जिवाणू संपत आले. तुमचं आरआय प्रथिन पडदा फोडणाऱ्या होलिनला रोखून धरेल. मग काही तास बसा, पिल्लं वाढवा.

७. कायमचं ठाण मांडायचं असेल, तर स्युडोमोनास जिवाणूतल्या डी३ फेजकडे शिकवणी लावा. तो जिवाणूच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या जोडणारं एन्झाइमच रोखतो. पृष्ठभाग पालटतो आणि मागून येणाऱ्याला पाय टेकायला जागाच उरत नाही.

८. शेवटी, जिच्यासाठी एवढी राखण केली ती भिंत आतून दुसऱ्या लायसोझाइमनं स्वतःच फोडा. शंभर-दोनशे पिल्लं बाहेर पडतील, सगळी सख्खी. शेजारच्या जिवाणूत जी आधी शिरेल, ती उरलेल्यांना एसपी आणि आयएमएम याच दोन प्रथिनांनी अडवेल. तेव्हा एकीचे बळ वगैरे शिकवत बसू नका. पोरांना लवकर पळायला शिकवा.